रियाजाचा वेळ कोठून येतो? : संगीतकेंद्री चित्रपटांचा एक अभ्यास

बीजसंज्ञा : संगीतकेंद्री चित्रपट, रियाज, साधना, काळ, शाहिरी, माहितीपट

प्रस्तावना

भारतीय बोलपट जन्मतःच गाता होता. मराठीतील पहिला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्यामागे संगीत रंगभूमीची अर्धशतकाची परंपरा उभी होती. या परंपरेकडून बोलपटाने गायक घेतले, पदे घेतली, कथानकेही घेतली. मात्र तिचा काळ त्याला घेता आला नाही. रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ घेत रात्र रात्र रंगणारे बालगंधर्व १९३५ साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’मध्ये संत एकनाथांच्या भूमिकेत पडद्यावर आले. रंगभूमीवरील यशाची पुनरावृत्ती तेथे झाली नाही. याची कारणे अनेक आहेत. स्त्रीभूमिकेतील बालगंधर्वांवर लुब्ध झालेल्या प्रेक्षकाला ते पुरुषवेषात पाहावे लागले, हे त्यांपैकी एक होय. दुसरे कारण अधिक मूलभूत म्हणता येईल. पद किती वेळ चालावे याचा निर्णय रंगभूमीवर गायक आणि श्रोते मिळून करीत असत. पडद्यावर तो आधीच झालेला होता.

संगीत ही काळात उलगडणारी कला आहे, हे विधान आपण वारंवार ऐकतो. परंतु संगीताशी निगडित असे दोन काळ असतात. एक, प्रत्यक्ष गायनवादनाला लागणारा काळ. दुसरा, त्या गायनवादनाच्या मागे उभा असलेला वर्षानुवर्षांचा काळ. पहिल्याला आपण मैफल म्हणतो, दुसऱ्याला रियाज, तालीम किंवा साधना. चित्रपटाला दोन-अडीच तासांत या दोन्ही काळांचा प्रत्यय द्यावयाचा असतो. तो हे कसे साधतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, साधनेसाठी लागणारा वेळ कलावंताला कोठून मिळाला व त्याचा खर्च कोणी सोसला, हे तो दाखवितो की झाकतो, हा प्रस्तुत लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

विषयाची व्याप्ती

ज्या चित्रपटात गाणी आहेत तो प्रत्येक चित्रपट संगीतकेंद्री ठरत नाही. तसे मानल्यास आपला बहुतेक सर्व चित्रपट या कक्षेत येईल. संगीत शिकणे, गाणे, ऐकणे, जपणे किंवा गमावणे हीच ज्या चित्रपटातील मुख्य कृती आहे, ती काढून घेतल्यास ज्यात कथानक उरत नाही, असा चित्रपट येथे संगीतकेंद्री मानला आहे. या दृष्टीने ‘बैजू बावरा’ (१९५२), ‘जलसाघर’ (१९५८), ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५), ‘द डिसायपल’ (२०२०) व ‘मी वसंतराव’ (२०२२) हे पाच कथापट आणि ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) हा माहितीपट विवेचनासाठी निवडला आहे. मणी कौल यांचे ‘ध्रुपद’ (१९८२) व ‘सिद्धेश्वरी’ (१९८९) हे चित्रपट या विषयाच्या अगदी जवळचे आहेत. परंतु त्यांची चित्रभाषा इतकी वेगळी आहे की त्यांचा विचार स्वतंत्र लेखातच करावा लागेल. निवडलेल्या चित्रपटांचा क्रम केवळ कालानुक्रमाने न लावता प्रश्नाच्या ओघाने लावला आहे.

१. निकालाचा काळ : ‘बैजू बावरा’ आणि ‘कट्यार काळजात घुसली’

विजय भट्ट दिग्दर्शित आणि नौशाद यांचे संगीत लाभलेला ‘बैजू बावरा’ हा हिंदी चित्रपटातील संगीतकथांचा आदिबंध म्हणावा लागेल. पित्याच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी निघालेला बैजू तानसेनाला गायनाच्या स्पर्धेत हरवितो, हे त्याचे कथासूत्र. स्पर्धेच्या प्रसंगात तानसेनासाठी उस्ताद अमीर खाँ आणि बैजूसाठी पं. द. वि. पलुस्कर यांचा आवाज वापरला गेला. सामान्य चित्रपटरसिकाने एकही मैफल न ऐकता या दोन श्रेष्ठ गायकांचा देसी राग ऐकला, ही या चित्रपटाची थोर कामगिरी होय. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

मात्र चित्रपटाची कथा काय सांगते तेही पाहिले पाहिजे. बैजूच्या गाण्यात अद्याप उणीव आहे, ती खऱ्या दुःखाने भरून निघेल, असे गुरू हरिदास सुचवितात. ते ऐकून त्याची प्रेयसी गौरी स्वतःला सर्पदंश करवून घेते. म्हणजे वर्षांच्या रियाजाने जे यावयाचे ते एका आघाताने येते. पुढे स्पर्धेचा निकालही कानांवर सोपविलेला नाही. गाण्याने दगड पाघळावा अशी अट घातली जाते आणि तो पाघळतो. आख्यायिकेच्या चौकटीत हे सर्व शोभून दिसते. पण त्यामुळे दोन गोष्टी घडतात. साधनेची जागा वेदना घेते आणि श्रोत्याची जागा चमत्कार घेतो. अमीर खाँ आणि पलुस्कर यांच्या गायनात भरीव असा काळ साठलेला आहे, तो आपल्याला ऐकूही येतो. कथानक मात्र त्याची दखल घेत नाही. पडद्यावरील गायकाला तो मिळविण्यासाठी कधी बसावेच लागलेले नाही.

सहा दशकांनंतर आलेला सुबोध भावे दिग्दर्शित ‘कट्यार काळजात घुसली’ याच घाटाचा आहे. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे मूळ नाटक १९६७ सालचे, संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचे. नाटकातील खाँसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका पं. वसंतराव देशपांडे यांनी अजरामर केली. चित्रपटात अभिषेकींच्या पदांना शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या रचनांची जोड मिळाली. या चित्रपटामुळे नाट्यसंगीतापासून दुरावलेली एक संपूर्ण पिढी चित्रपटगृहात येऊन बसली, हे आपल्यापैकी अनेकांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत अनुभवले असेल.

‘कट्यार’च्या मुळाशी विद्यादानाचा प्रश्न आहे. पंडितजींची गायकी खाँसाहेबांच्या गायकीसमोर उभी आहे, आणि पंडितजींचा शिष्य सदाशिव खाँसाहेबांच्याच हवेलीत, त्यांच्या नकळत, त्यांची विद्या कानांनी गोळा करतो. येथे घराण्याच्या बंदिस्तपणाची फार मार्मिक चिकित्सा होऊ शकली असती. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’त स्वर आणि लय यांच्या परस्पर प्रमाणावरून घराण्यांचा विचार केला. त्या विचाराच्या आधारे दोन गायकींमधील भेद श्रोत्याला ऐकू येईल अशी मांडणी शक्य होती. चित्रपट मात्र दरबारातील स्पर्धेकडे, राजगायकपदाकडे आणि कट्यारीकडे ओढला जातो. कोण कसे गातो यापेक्षा कोण जिंकले याची उत्कंठा वाढत जाते. सदाशिवाचे शिकणे हे काही दृश्यांच्या मालिकेत उरकते. चोरून ऐकलेली विद्या गळ्यात मुरविण्यास किती वर्षे लागली, त्या वर्षांत तो काय खात होता, कोठे बसून गात होता, या प्रश्नांना त्या जगात स्थान नाही.

या दोन्ही चित्रपटांतील काळाला ‘निकालाचा काळ’ असे नाव देता येईल. त्याचे सारे वजन अखेरच्या क्षणावर असते. आजच्या दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धा याच काळाच्या वारसदार आहेत. तेथेही स्पर्धकाची कौटुंबिक वेदना प्रथम दाखविली जाते, मग गाणे होते आणि लगेच निकाल लागतो. हा घाट त्यांनी नव्याने निर्माण केला नाही. तो आपल्या लोकप्रिय कथांनी त्यांना आयता दिला.

२. वेळेची किंमत : ‘जलसाघर’ आणि ‘मी वसंतराव’

ताराशंकर बंद्योपाध्याय यांच्या कथेवर आधारलेला सत्यजित राय यांचा ‘जलसाघर’ गायकाऐवजी श्रोत्याला केंद्रस्थानी ठेवतो, आणि त्यामुळेच प्रस्तुत प्रश्नाला थेट भिडतो. जमीनदार विश्वंभर राय याची जमीन नदी गिळत चालली आहे, तिजोरी रिकामी होत आहे; त्याचा मैफलींचा षोक मात्र सुटत नाही. संगीत उस्ताद विलायत खाँ यांचे. चित्रपटात तीन मैफली आहेत : मुलाच्या मुंजीनिमित्त झालेली ठुमरीची, वादळी रात्रीची ख्यालाची आणि अखेरची कथक नृत्याची. बेगम अख्तर आणि रोशन कुमारी यांच्यासारख्या कलावंत प्रत्यक्ष पडद्यावर आल्या आहेत आणि राय त्यांना घाई करीत नाहीत. कॅमेरा स्थिरावतो, ऐकतो.

मात्र प्रत्येक मैफलीची किंमतही प्रेक्षकाला कळत जाते. घरातील दागिने जातात. दुसऱ्या मैफलीच्या रात्री परतीच्या वाटेवरील पत्नी आणि पुत्र नदीत बुडतात; गाणे चालू असताना पेल्यात पडून धडपडणारा कीटक आणि हेलकावणारे झुंबर यांतून ही वार्ता आधीच सूचित होते. तिसऱ्या मैफलीत नवश्रीमंत शेजारी बक्षिसासाठी हात पुढे करतो, तेव्हा विश्वंभर आपल्या काठीने तो हात अडवितो आणि उरलेले अखेरचे धन नर्तकीला देतो. बक्षिसाचा पहिला मान यजमानाचा, ही रीत तो पाळतो; पण ती पाळण्यासाठी आता त्याच्यापाशी दुसरे काही उरलेले नाही. राय या मनुष्याची चेष्टा करीत नाहीत आणि त्याचे समर्थनही करीत नाहीत. ज्या व्यवस्थेत ही कला वाढली तिचा आधार शेतसारा होता, तो आधार कोसळताना कला आणि अहंकार वेगळे करता येत नाहीत, एवढे ते दाखवितात. मैफलीतला निवांत वेळ कोणाच्या तरी श्रमांतून आलेला असतो, हे सत्य येथे प्रथमच पडद्यावर नीट दिसते.

जमीनदारी गेल्यावर हा वेळ कोठून यावयाचा? निपुण धर्माधिकारी दिग्दर्शित ‘मी वसंतराव’ या प्रश्नाचे विसाव्या शतकातील मध्यमवर्गीय मराठी उत्तर देतो : नोकरीतून. एकट्या आईने वाढविलेला मुलगा लष्करी हिशेब खात्यात दीर्घकाळ कारकुनी करतो आणि उरलेल्या वेळात गातो. ‘कट्यार’ रंगभूमीवर आले तेव्हा वसंतराव सत्तेचाळीस वर्षांचे होते, हा तपशील लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्यांच्या भूमिकेत त्यांचे नातू राहुल देशपांडे आहेत. त्यामुळे वारसा हा विषय चित्रपटाच्या देहातच उतरला आहे. कारकुनाच्या खुर्चीवर बसलेला गायक हे चित्र मराठी वाचकाला परके नाही. आपल्या कितीतरी लेखकांनी आणि कलावंतांनी आपली कला नोकरीच्या आधी आणि नंतर उरलेल्या तासांत जोपासली. चरित्रपटाच्या रूढ वाटेने जात हा चित्रपट शेवटी यशाच्या प्रकाशात विसावतो. तथापि ‘कट्यार’ चित्रपटात जो काळ वगळला गेला, तो ‘कट्यार’च्या पहिल्या खाँसाहेबांच्या जीवनकथेत परत मिळतो, हे विशेष होय.

३. निष्फळ वर्षे : ‘द डिसायपल’

यश न मिळालेल्या साधकाचे काय? चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ या प्रश्नावर उभा आहे. २०२० च्या व्हेनिस महोत्सवात या मराठी चित्रपटाला उत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार मिळाला. त्याच महोत्सवात १९३७ साली ‘संत तुकाराम’ची दखल घेतली गेली होती. मराठी चित्रपटाने जगाला दोन वेळा गाणारा मनुष्यच दाखविला. पहिल्या वेळी तो संत होता, दुसऱ्या वेळी अपयशी विद्यार्थी.

शरद नेरूळकर हा हिंदुस्थानी कंठसंगीताचा विद्यार्थी. त्याचे वडील स्वतः गाण्याच्या वेडाने झपाटलेले आणि यशापासून वंचित राहिलेले. गुरुजी वृद्ध, प्रसिद्धीपासून दूर, आर्थिक ओढगस्तीत. गुरुजींच्या गुरू माई यांनी कधी ध्वनिमुद्रण होऊ दिले नाही; त्यांची गुप्तपणे जतन झालेली व्याख्याने तेवढी शरदपाशी आहेत. रात्रीच्या रिकाम्या मुंबईतून दुचाकीवर संथपणे जाताना तो ती ऐकत असतो. माईंचा स्वर सुमित्रा भावे यांचा आहे. संगीत ही ईश्वरप्राप्तीची वाट आहे, त्या वाटेवर चालणाऱ्याने एकटेपणा आणि उपासमार यांची तयारी ठेवावी, अशा आशयाचा हा उपदेश शरदच्या मनात धर्मशास्त्रासारखा रुजलेला आहे.

या चित्रपटाचे सामर्थ्य त्याच्या तपशिलांत आहे. शरद गुरुजींचे अंग रगडतो, त्यांना डॉक्टरांकडे नेतो, पैशांची जुळवाजुळव करतो. आजीच्या आधाराने राहतो. जुनी ध्वनिमुद्रणे नव्या माध्यमात उतरविण्याचे काम करतो. भूमिका करणारे आदित्य मोडक आणि गुरुजींच्या भूमिकेतील अरुण द्रविड हे दोघेही प्रत्यक्ष गायक असल्यामुळे तालमीचे प्रसंग अभिनयाच्या पातळीवर राहत नाहीत. चुकलेली जागा खरोखर चुकलेली ऐकू येते. ताम्हाणे गायनाची दृश्ये बहुधा दुरून, न हलणाऱ्या चौकटीत दाखवितात. टाळ्या मिळाव्यात म्हणून कॅमेरा गायकाच्या चेहऱ्यावर झेपावत नाही. शरद चोवीस वर्षांचा असतो, पुढे छत्तिशीचा होतो. अंगावर मांद्य चढते, आवाजात मात्र हवे ते येत नाही. ज्याला कला येत नाही त्याच्याही आयुष्याची वर्षे तेवढीच खर्च होतात, हे कटू सत्य आपल्या चित्रपटात यापूर्वी इतक्या संयमाने क्वचितच मांडले गेले असेल.

साधनेच्या पावित्र्याची कल्पनाही चित्रपट तपासून पाहतो. दुर्मीळ ध्वनिमुद्रणे बाळगणारा एक संग्राहक माईंविषयी आणि गुरुजींविषयी काही अप्रिय गोष्टी सांगतो, तेव्हा शरद हातातील पेला त्याच्या तोंडावर रिकामा करतो. त्या गोष्टी खऱ्या की खोट्या, हे चित्रपट सांगत नाही. शरदला त्या ऐकवत नाहीत, कारण त्या खऱ्या मानल्या तर त्याने वेचलेल्या वर्षांचा आधारच निखळतो. पुढे हाच शरद शिक्षक होतो आणि एका विद्यार्थ्याला मिश्रसंगीताच्या वाद्यवृंदात जावेसे वाटते म्हणून त्याच्या आईशी कठोरपणे बोलतो. ज्या धर्मशास्त्राने त्याला घडविले आणि मोडले, तेच तो पुढे चालवितो. अध्यापनाच्या व्यवसायात असलेल्या कोणालाही हा प्रसंग अस्वस्थ करील.

अखेरच्या दृश्यात शरद पत्नी आणि लहान मुलीसह मुंबईच्या लोकलमध्ये बसला आहे. गायनाची वाट त्याने सोडलेली आहे. डब्यात एक लोकगायक हातातील तंतुवाद्य छेडीत, गात येतो. शरद त्याच्याकडे पाहतो. चित्रपट येथे संपतो. अनेक समीक्षकांना हा शेवट चित्रपटाचा कळस वाटला आणि ते समजण्यासारखे आहे. घराणे, शुद्धता, स्पर्धा यांच्या ओझ्याबाहेरचे गाणे शरदला अकस्मात भेटते.

परंतु येथेच एक प्रश्न विचारावा लागतो. शरदच्या प्रत्येक वर्षाचा हिशेब ठेवणारा हा चित्रपट या गायकाच्या एकाही वर्षाचा हिशेब देत नाही. त्याला नाव नाही, गुरू नाही, घर नाही. तो जणू गातच जन्माला आला आहे. शरदच्या साधनेला तिच्या अपयशासह दोन तासांचा आदर मिळतो. लोकगायकाचे गाणे मात्र निसर्गासारखे सहज मानले जाते. तेच शरदच्या पत्नीविषयीही म्हणता येईल. ती कथेत येते तीच शेवटाला. ‘बैजू बावरा’ने साधनेच्या जागी चमत्कार ठेवला असे आपण म्हटले. ‘द डिसायपल’ने नायकापुरता तो चमत्कार नाकारला आणि डब्यातल्या गायकापुरता नकळत स्वीकारला, असे म्हणण्यास जागा आहे. हे ताम्हाणे यांच्या अज्ञानाने घडले असे म्हणता येत नाही. त्यांच्याच ‘कोर्ट’ (२०१४) मध्ये लोकशाहीर नारायण कांबळे यांना नाव, वस्ती, कार्यकर्त्यांचा सहवास आणि संभाजी भगत यांची धारदार शाहिरी लाभली होती. वीरा साथीदार यांनी ती भूमिका जगून दाखविली होती. म्हणूनच लोकलच्या डब्यातील ही अनामिकता अधिक खटकते.

४. नाव असलेला गायक : ‘जय भीम कॉम्रेड’

लोकलच्या डब्यातील त्या गायकाला नाव असते तर? आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ नेमका एका गायकाच्या नावापासून सुरू होतो. शाहीर विलास घोगरे पटवर्धनांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या मुंबईतील झोपडपट्ट्यांच्या पाडापाडीवरील माहितीपटात गायले होते. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. दहा जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर काही दिवसांतच घोगरे यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. डाव्या चळवळीत आयुष्य घालविलेल्या या शाहिराने मृत्यूपूर्वी डोक्याला निळी पट्टी बांधली होती. त्या निळ्या पट्टीचा अर्थ शोधीत पटवर्धन चौदा वर्षे चित्रीकरण करीत राहिले.

या माहितीपटातील काळ तिपेडी आहे. पहिला पेड न्यायालयाचा. गोळीबाराचा आदेश देणाऱ्या पोलीस अधिकाऱ्यास सत्र न्यायालयाने दोषी ठरविले ते २००९ साली. दुसरा पेड वस्तीतील जगण्याचा. चित्रीकरणाच्या आरंभी दिसलेले चेहरे शेवटाकडे थकलेले दिसतात. तिसरा पेड गाण्याचा. घोगरे गेले तरी शाहिरी थांबत नाही. पुण्याच्या कबीर कला मंचाचे तरुण ती हाती घेतात, शीतल साठे यांचा खणखणीत आवाज ऐकू येतो, आणि पुढे त्याच तरुणांवर भूमिगत होण्याची पाळी येते. चित्रपट पूर्ण झाल्यानंतर, एप्रिल २०१३ मध्ये, शीतल साठे आणि सचिन माळी यांनी विधानभवनासमोर स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन केले.

पटवर्धन गाण्यांचा उपयोग दोन निवेदनांच्या मधली जागा भरण्यासाठी करीत नाहीत. गाणे हेच या चित्रपटाचे निवेदन आहे. आंबेडकरी जलशांपासून वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यापर्यंत आणि तेथून आजच्या तरुणांपर्यंत आलेली ही परंपरा लिखित इतिहासाला समांतर असा गायलेला इतिहास जपते. या परंपरेला रियाज नाही असे कोण म्हणेल? हजारोंच्या जमावासमोर, उघड्या मैदानात, वाऱ्यापावसात शब्द न् शब्द पोहोचविणारा आवाज एका रात्रीत तयार होत नाही. शेकडो कवने मुखोद्गत असणे, प्रसंगानुसार नवे कडवे रचणे, ढोलकीच्या ठेक्यावर युक्तिवाद तोलून धरणे यांमागे वर्षे असतात. फरक एवढाच की ही वर्षे दिवसभराच्या कामानंतरच्या रात्रींतून काढलेली असतात आणि त्यांना ‘साधना’ हे नाव कोणी देत नाही.

‘जलसाघर’मधील वेळ शेतसाऱ्यातून आला, ‘मी वसंतराव’मधील वेळ पगारातून, ‘द डिसायपल’मधील वेळ आजीच्या आधारातून आणि स्वतःच्या तारुण्यातून. शाहिराचा वेळ झोपेतून आला. त्याची किंमत कधी कधी जीवाने चुकविली गेली.

५. काही आक्षेपांचा विचार

या विवेचनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला असा की लोकप्रिय चित्रपटाकडून अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. त्याला काळ संक्षिप्त करावाच लागतो. हे मान्य आहे. परंतु संक्षेप आणि विलोप यांत भेद आहे. एका रिकाम्या रस्त्यावरून जाणारी शरदची दुचाकी बारा वर्षांचा एकटेपणा सांगते. काळ दाखविण्यासाठी लांबी लागत नाही, त्याची जाणीव लागते.

दुसरा आक्षेप असा की रागसंगीत आणि शाहिरी या भिन्न कोटी असून त्यांची तुलना अशास्त्रीय ठरेल. अशोक दा. रानडे यांनी आदिम, लोक, भक्ती, कला, जन अशा कोटी कल्पून भारतीय संगीताचा विचार केला आणि प्रत्येक कोटीला तिचे स्वतःचे निकष असतात हे दाखविले. प्रस्तुत लेखात या कोटींची मूल्यात्मक तुलना केलेली नाही. ख्यालाचे निकष शाहिरीला लावणे जितके चुकीचे, तितकेच शाहिरीला निकषच नाहीत असे समजणेही चुकीचे. तुलना आहे ती त्यांच्यामागील श्रमांच्या दखलीची.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. श्रमांचा हिशेब मांडताना आपण संगीताचा आनंदच गमावून बसत नाही काय? प्रस्तुत लेखकास तसे वाटत नाही. ‘बैजू बावरा’तील अमीर खाँ आणि पलुस्कर पुन्हा ऐकताना त्यांच्यामागील वर्षांची जाणीव असली तर ऐकणे अधिक भरून येते. श्रोत्याची कृतज्ञता हाही रसास्वादाचाच भाग आहे.

निष्कर्ष

१) संगीतकेंद्री चित्रपटांत काळाच्या तीन तऱ्हा आढळतात : निकालाचा काळ, साधनेचा काळ आणि समूहाच्या स्मरणाचा काळ. ‘बैजू बावरा’ व ‘कट्यार काळजात घुसली’ पहिल्या तऱ्हेचे, ‘मी वसंतराव’ व ‘द डिसायपल’ दुसऱ्या तऱ्हेचे, तर ‘जय भीम कॉम्रेड’ तिसऱ्या तऱ्हेचा चित्रपट होय. ‘जलसाघर’ साधकाऐवजी त्याच्या आश्रयदात्याचा काळ मांडतो, म्हणून तो या तिहींना जोडणारा दुवा ठरतो.

२) निकालाच्या काळावर आधारलेले चित्रपट रागसंगीत दूरवर पोहोचवितात; मात्र श्रमाच्या जागी वेदना किंवा चमत्कार ठेवून ते संगीताविषयी एक गोड गैरसमजही पोहोचवितात.

३) संगीतासाठी लागणाऱ्या वेळेचा खर्च कोणी सोसला हे जो चित्रपट दाखवितो, तो संगीताच्या अधिक जवळ जातो. ‘जलसाघर’ आणि ‘द डिसायपल’ यांचे मोठेपण यात आहे.

४) ‘द डिसायपल’सारखा सजग चित्रपटही लोकगायकाच्या वर्षांची दखल घेण्यात कमी पडतो. ती दखल पूर्णत्वाने घेतली ती ‘जय भीम कॉम्रेड’ने.

हा प्रश्न केवळ चित्रपटांचा नाही. आपल्या महाविद्यालयांतील युवक महोत्सवांत गायनाला ठरावीक मिनिटे मिळतात आणि लगेच निकाल लागतो. शास्त्रीय गायनाच्या स्पर्धेतील विद्यार्थ्याने कोणाकडे शिक्षण घेतले हे आपण आवर्जून विचारतो, तसे उल्लेखही करतो. भीमगीत, भारूड किंवा पोवाडा म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र आवाज उपजतच मिळाला असे आपण गृहीत धरतो. त्याला कोणी शिकविले, तो केव्हा आणि कोठे सराव करतो, महाविद्यालयानंतर कोणते काम करून तो तालमीला येतो, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही. पुढील महोत्सवात परीक्षकाच्या खुर्चीवर बसताना एवढा एक प्रश्न त्यालाही विचारला, तरी या चित्रपटांपासून आपण काही शिकलो असे म्हणता येईल.